आधी कागद जाऊ द्या, मग पेशंट: कर्करोगाच्या उपचारासाठी जिल्ह्याची, राज्याची हद्द ओलांडताना

आईला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा मंगळवेढ्याहून मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात आम्ही अकरा खेपा केल्या. सोलापूर गाठायचं, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची, पहाटे दादरला उतरायचं, दिवसभर ओपीडीच्या बाकावर बसायचं आणि रात्री पुन्हा परतीची गाडी. पुढे मी त्या अकरा खेपांचा हिशेब मांडला. खरोखर गरजेच्या होत्या चार. उरलेल्या सात खेपांतल्या काही कागद अपुरे म्हणून झाल्या, काही काय विचारायचं ते ठाऊक नव्हतं म्हणून. बाकीच्या झाल्या त्या आमच्या हट्टापायी. जी किमो सोलापुरात किंवा बार्शीत घेता आली असती ती मुंबईतच घ्यायची, असं आम्ही धरून बसलो होतो. त्या सात खेपांत आईच्या अंगातलं जे बळ गेलं ते मला आजही सलतं.

तेव्हापासून गावातल्या आणि पै-पाहुण्यांतल्या बऱ्याच पेशंटसोबत मी गेलो आहे. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध घ्यावं ते मी सांगणार नाही. पेशंट, कागद आणि पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कसे न्यावेत, एवढंच इथे लिहितो. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: उपचाराची आखणी मोठ्या केंद्रात करून घ्या आणि प्रत्यक्ष उपचार होतील तितके घराजवळ घ्या.

आता हे जमतं, कारण

मुंबईचं टाटा मेमोरिअल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. पुढची कित्येक दशकं देशभरातल्या लोकांना कर्करोग म्हटलं की परळच आठवायचं. बिहार, बंगाल, आसामपासून बांगलादेश-नेपाळपर्यंतची माणसं त्या एका रस्त्यावर येऊन थांबायची, आजही थांबतात. पण मधल्या काळात टाटाचीच रुग्णालयं वाराणसी, गुवाहाटी, संगरूर, चंदीगडजवळचं मुल्लनपूर, विशाखापट्टणम आणि मुझफ्फरपूर इथे उभी राहिली. नवी मुंबईत खारघरचं केंद्र आहे. तुमचे कुणी नातेवाईक उत्तरेत राहत असतील तर त्यांना थेट मुंबईला बोलावण्याआधी हे लक्षात घ्या.

दुसरा बदल याहून मोठा आहे आणि लोकांना तो कमी माहीत आहे. २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाचं जाळं सुरू झालं. देशातली ३०० हून अधिक रुग्णालयं आणि संस्था आज त्यात आहेत. कुठल्या कर्करोगाला कुठल्या टप्प्यावर काय उपचार द्यावेत याची सामाईक मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी केली आहेत. अवघड केसवर वेगवेगळ्या गावांतले डॉक्टर व्हिडिओवर एकत्र बसून चर्चा करतात. औषधंही एकत्र घासाघीस करून घेतली, तेव्हा किमती मोठ्या प्रमाणात उतरल्या. पेशंटच्या दृष्टीने याचा अर्थ असा की परळच्या डॉक्टरांनी लिहिलेली आखणी जिल्ह्याच्या गावातल्या कर्करोगतज्ज्ञाला परकी वाटत नाही. तो ती वाचू शकतो, राबवू शकतो आणि अडलं तर विचारू शकतो.

पहिली पायरी: तपासणी इथेच, पण गाठीला घाईने सुरी नको

बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं, बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावात होतं. ते करून घ्या. मात्र "छोटीशी गाठ आहे, उद्याच काढून टाकू" असं कुणी म्हणालं तर थांबा. आजार कुठवर पसरला आहे ते न पाहता अर्धवट शस्त्रक्रिया झाली की पुढची सगळी आखणी बिघडते. पुन्हा शस्त्रक्रिया लागते आणि कधीकधी वाचवता येणारा अवयवही हातचा जातो. आठ-दहा दिवस नीट तपासण्यांत गेल्याने बहुतेक घन गाठींच्या, म्हणजे रक्ताचा कर्करोग सोडून इतर गाठींच्या, बाबतीत नुकसान होत नाही.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. हाडाची किंवा स्नायूतली संशयास्पद गाठ असेल तर बायोप्सीसुद्धा जिथे पुढे शस्त्रक्रिया होणार आहे तिथेच करावी. सुई ज्या वाटेने आत जाते ती वाट पुढे शस्त्रक्रियेत काढून टाकावी लागते. चुकीच्या जागेवरून घातलेल्या सुईमुळे हात किंवा पाय वाचवणं अवघड होऊन बसतं.

दुसरा अपवाद तातडीचा. रक्ताच्या कर्करोगाचा संशय असून हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर लाल-निळे डाग उठलेत, प्लेटलेट खूप उतरल्यात. किंवा पेशंटला धाप लागते, पाय अचानक लुळे पडू लागलेत, लघवी-शौच अडलंय. असा माणूस रात्रभराच्या प्रवासाला काढू नका. आधी जवळच्या मोठ्या रुग्णालयात भरती करा, स्थिर होऊ द्या आणि तिथूनच पुढच्या केंद्राशी फोनवर बोलणं होऊ द्या.

दुसरी पायरी: फाईल

सगळ्यात जास्त खेपा वाचतात त्या इथे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या चौकोनी वडीत बसवतात. ती वडी म्हणजे ब्लॉक. आकार साधारण मोठ्या कॅरमच्या सोंगटीएवढा, खाली प्लॅस्टिकची जाळी, तिच्या कडेला नंबर. या ब्लॉकचे पातळ काप काचेवर लावले की स्लाइड. मोठं केंद्र आधीच्या लॅबच्या रिपोर्टवर अवलंबून राहत नाही. ब्लॉक आणि स्लाइड आपल्याकडे पुन्हा तपासतं, त्यावर पुढच्या चाचण्या करतं आणि मगच औषध ठरवतं. तेव्हा रिपोर्टच्या कागदाइतकेच हे ब्लॉक मोलाचे आहेत.

आमच्या बाबतीत एका खासगी लॅबने ब्लॉक द्यायला पंधरा दिवस लावले, कारण मागायचे असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. परळच्या पहिल्या खेपेत "ब्लॉक आणा" म्हणून परत पाठवलं. बायोप्सी करतानाच लॅबला लेखी अर्ज देऊन ठेवा: दुसऱ्या मतासाठी ब्लॉक आणि स्लाइड हव्या आहेत. हातात आल्यावर ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच, खिडकीसमोर उभं राहून पाहा. एका अंकाचा फरक असला तरी बदलून घ्या. ब्लॉक डबीत, कापसात ठेवा. ते मेणाचे आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. मोठ्या बॅगेत घालून डिकीत टाकू नका. नेणाऱ्याच्या हातातल्या पिशवीत राहू द्या.

बाकी फाईलमध्ये असावं ते असं: सीटी, एमआरआय, पेट स्कॅन यांच्या फिल्म आणि त्यांची सीडी किंवा पेनड्राइव्ह. रिपोर्टवर भागत नाही, चित्रं डॉक्टरांना स्वतः पाहायची असतात. सीडी घरी किंवा झेरॉक्सच्या दुकानात एकदा लावून बघा. रिकामी सीडी घेऊन चारशे किलोमीटर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे. आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची नोंद वेगळी मागा, कारण नेमकं काय काढलं ते डिस्चार्ज कार्डात दोन ओळींतच असतं. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठी. मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्के मारावे लागतात. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स करा आणि सगळ्याचे फोटो घरातल्या दोन फोनवर ठेवा.

आणि एक वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. डाव्या पानावर तारीख, डॉक्टरांचं नाव, ते काय म्हणाले. उजव्या पानावर आपले प्रश्न आणि खर्च. आईच्या वहीत माझ्या बहिणीने प्रत्येक किमोनंतर कितव्या दिवशी ताप आला, कितव्या दिवशी तोंड आलं ते लिहून ठेवलं होतं. चौथ्या किमोच्या वेळी डॉक्टरांनी ती पानं स्वतः उलटून पाहिली आणि औषधाची मात्रा थोडी बदलली.

तिसरी पायरी: माणूस घरी, मत बाहेरून

फाईल तयार झाली की पेशंट न हलवता दुसरं मत घेता येतं. टाटा मेमोरिअल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांची 'नव्या' या संस्थेच्या साहाय्याने चालणारी ऑनलाइन सेवा आहे. कागद अपलोड करायचे, तज्ज्ञांचं लेखी मत येतं. ते मत घेऊन गावाकडच्या डॉक्टरांकडे जा. २५ मार्च २०२० पासून देशात टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत, त्यामुळे बरीच मोठी रुग्णालयं आता व्हिडिओवर किंवा फोनवरही सल्ला देतात.

दुसरं मत मागितलं तर आपले डॉक्टर रागावतील ही भीती मी घरोघरी ऐकतो. बहुतेक रागावत नाहीत. "साहेब, एकदा मोठ्या केंद्रात आखणी दाखवून येतो, उपचार तुमच्याकडेच घ्यायचा विचार आहे" असं सरळ सांगितलं तर चिठ्ठी नीट लिहून देतात आणि त्या चिठ्ठीने पुढची वाट सोपी होते.

मुलगा-मुलगी परदेशात असतील तर त्यांच्यासाठी हेच काम सगळ्यात उपयोगाचं आहे. कागद स्कॅन करणं, अपलोड करणं, मत आलं की ते समजून घेऊन घरच्यांना मराठीत सांगणं. तिकडचं एखादं औषध आपल्याकडे मिळत नसेल आणि इथल्या डॉक्टरांनी ते लिहून दिलं असेल तर एका पेशंटच्या वापरापुरतं मागवायला परवानगी मिळते. त्यासाठी अर्ज फॉर्म १२ अ मध्ये करायचा असतो आणि परवाना फॉर्म १२ ब मध्ये येतो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून चोरून आणण्याच्या भरीस पडू नका.

चौथी पायरी: जायचं कुठे, आणि जायचं का

काही आजारांत लांब जाणं भाग आहे. लहान मुलांचे कर्करोग, हाडाच्या आणि मऊ उतींच्या गाठी, मेंदूच्या गाठी, अन्ननलिका किंवा स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया, बोन मॅरो ट्रान्सप्लांट. यांत अनुभवाचा फरक थेट निकालात दिसतो. "तुमच्याकडे अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात?" हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका.

स्तनाच्या कर्करोगाची नेहमीची किमो, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा शेक (म्हणजे किरणोपचार, रेडिएशन), तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा शेक हे मात्र चांगलं यंत्र आणि चांगला डॉक्टर असेल तर घराजवळ होतं. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. विदर्भात नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातली माणसंही उपचाराला नागपूर गाठतात. कोकणात चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय. बेळगाव-निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूर-मिरज मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. सिंधुदुर्गातल्या लोकांना तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हेच जवळचं मोठं रुग्णालय आहे. फक्त जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या पेशंटना शुल्क पडतं, तेव्हा आपली योजना तिथे चालते का ते जाण्याआधी विचारून घ्या.

केंद्र निवडताना दोन गोष्टी विसरू नका. पहिली: किमो एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते, शेक नेता येत नाही. शेक देण्याआधी त्या ठरावीक यंत्रावर, त्या ठरावीक साच्यात मापं घेतलेली असतात. अर्धा शेक मुंबईत आणि अर्धा सोलापुरात असं होत नाही. म्हणून शेक सुरू करण्याआधीच पाच-सहा आठवडे जिथे राहता येईल तिथलं केंद्र निवडा. दुसरी: गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात बाहेरून शेक झाल्यावर आतून शेक द्यावा लागतो, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हायला हवा. बाहेरचा शेक देणाऱ्या केंद्रात आतला शेक देण्याची सोय नसेल तर दुसरीकडची तारीख पहिल्याच दिवशी पक्की करून घ्या. "आधी हा होऊ दे, मग बघू" यात मौल्यवान आठवडे जातात.

पाचवी पायरी: पैसा हद्द ओलांडतो का

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही महाराष्ट्रात एकत्र राबवल्या जातात. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. २०२३ च्या निर्णयाने फुले योजना पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही खुली झाली. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं.

हद्दीच्या बाबतीत दोन्ही योजनांत फरक आहे. आयुष्मान कार्ड देशभर, कुठल्याही राज्यातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयात चालतं. राज्याची योजना मुळात राज्यातल्या रहिवाशांसाठी, यादीतल्या रुग्णालयांसाठी. महत्त्वाचा अपवाद सीमाभागाचा: कर्नाटकातल्या वादग्रस्त पट्ट्यातल्या ८६५ गावांना महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये फुले योजना लागू केली. बेळगाव, कारवार, बिदरकडचे कुणी ओळखीचे असतील तर त्यांना हे सांगा. गोव्यातल्या कुटुंबांसाठी २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, आणि गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात नसलेल्या उपचारासाठी बाहेर पाठवताना तिथली मेडिक्लेम योजना वेगळी आहे.

करायचं काय? घरून निघण्याआधी ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या आरोग्य मित्राशी, म्हणजे योजनेच्या मदतनीसाशी, बोला. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात त्यांचं टेबल असतं. तीन गोष्टी विचारा: हे रुग्णालय यादीत आहे का, आमचा आजार आणि हा उपचार पॅकेजमध्ये बसतो का, मंजुरीला कुठले कागद लागतील. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. आडनावाच्या एका वेलांटीवरून मंजुरी अडकते. हे दुरुस्त करायला सेतू केंद्रात जे दिवस लागतात ते घरी असतानाच जाऊ द्या, मुंबईच्या फुटपाथवर नकोत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखलाही आत्ताच काढून ठेवा.

५ लाख हे पूर्ण कुटुंबाचे आणि वर्षाचे आहेत. महागडी शस्त्रक्रिया, शेक आणि किमो एकाच वर्षात आले तर ते संपू शकतात. प्रत्येक मंजुरीनंतर किती उरले ते वहीत लिहा. कमी पडले तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्ष आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे अर्ज करता येतो. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक सही-शिक्क्यासह लागतं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्या तुम्हाला कुणी आपणहून देईलच असं नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन मागा. समाजसेवा विभागातली माणसं म्हणजे या सगळ्या प्रवासातली सर्वांत उपयोगाची ओळख. पहिल्याच दिवशी त्यांना भेटा.

सहावी पायरी: गाडी आणि मुक्काम

रेल्वेत कर्करोगाच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि एसी थ्री-टियरमध्ये १०० टक्के सवलत आहे. सोबतच्या एका माणसाला त्याच दोन वर्गांत ७५ टक्के. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी चेअर कारमध्ये दोघांनाही ७५ टक्के, एसी टू-टियर आणि फर्स्ट एसीत ५० टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने घ्या आणि स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर द्या. आईच्या पहिल्या तीन खेपांना आम्ही पूर्ण भाडं भरलं, कारण कुणी सांगितलंच नाही. एसटीत कर्करुग्णांना वेगळी सवलत आहे, आगारात विचारा. शिवाय महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत.

प्रवासाचा दिवस किमोच्या चक्राप्रमाणे निवडा. किमो घेतल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत गर्दीची गाडी टाळा. थर्मामीटर खिशात ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, कुठल्याही गावात असाल तिथल्या मोठ्या रुग्णालयात जा आणि "किमो चालू आहे" हे पहिलं वाक्य बोला.

परळजवळ राहण्याची सोय हा वेगळाच यज्ञ आहे. दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या पेशंटना आणि नातेवाइकांना आधार देत आली आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वांद्र्याला टाटाचंच डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मेमोरिअल होम. मूल आजारी असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं मुलाला आणि आई-वडिलांना मोफत राहायला देतात. बहुतेक ठिकाणी रुग्णालयाचं पत्र लागतं आणि खोली त्याच दिवशी मिळेल याची खात्री नसते. म्हणून पहिल्या खेपेला दोन रात्रींची दुसरी सोय हाताशी ठेवा. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर जिना किती, संडास कुठे आणि घरात कुणाला सर्दी-ताप आहे का, हे आधी विचारा. संकोच वाटतो, पण विचारा.

सोबत दोन माणसं असावीत: एक लिहिता-वाचता, एक पेशंटजवळ बसणारा. लिहिता-वाचता माणूस शक्यतो शेवटपर्यंत तोच ठेवा. दर वेळी वेगळा पुतण्या आला की दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. रुग्णालयाबाहेर "लवकर नंबर लावून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांच्या हाती फाईल देऊ नका.

सातवी पायरी: आखणी हातात घेऊन निघा

नोंदणी झाली, केस नंबर मिळाला, ब्लॉक तपासायला गेले, की मधले काही दिवस नुसते थांबण्यात जातात. ते गृहीत धरा. मग केस ट्यूमर बोर्डापुढे जाते. शस्त्रक्रिया करणारे, किमो देणारे आणि शेक देणारे डॉक्टर एकत्र बसून क्रम ठरवतात. त्या दिवशी डॉक्टरांना मोजके प्रश्न विचारा. आजार बरा करण्यासाठी उपचार आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी? यातलं काय इथेच व्हायला हवं आणि काय आमच्या गावाजवळ चालेल? आमच्या बाजूला तुमच्या ओळखीचं, ग्रिडमधलं केंद्र कुठलं? पुन्हा इथे कधी यायचं आणि कशासाठी?

दुसरा प्रश्न विचारताना माझी जीभ जड झाली होती. वाटलं, हे म्हणतील इथे यायचा कंटाळा आला का. डॉक्टरांनी मान वर करून बघितलं, म्हणाले, "बरं झालं विचारलंत," आणि दोन मिनिटांत पत्र लिहून दिलं. हे मी पाचव्या किमोला विचारलं. पहिल्याला विचारायला हवं होतं.

त्या पत्रात काय असावं ते नीट बघून घ्या. निदान आणि टप्पा. औषधांची नावं, प्रत्येकाची मात्रा मिलिग्रॅममध्ये, ती कुठल्या वजन-उंचीवर काढली. एकूण किती चक्रं, झाली किती, कुठल्या तारखांना. आधी द्यायची इंजेक्शनं. रक्तात पेशी किती असल्या तर किमो द्यायची, किती खाली गेल्या तर थांबायचं. झालेले त्रास. पुढची तपासणी कधी. आणि अडलं तर संपर्क कुठे करायचा. मात्रेचा हिशेब विशेष महत्त्वाचा, कारण डॉक्सोरुबिसिनसारखं औषध, ज्याला पेशंट 'लाल किमो' म्हणतात, आयुष्यभरात ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर हृदयाला इजा करतं. दुसऱ्या गावच्या डॉक्टरला आधी किती दिलं ते कळलंच पाहिजे.

घराजवळच्या केंद्रात पहिली किमो सुरू होण्याआधी पत्र, रक्ताचे रिपोर्ट आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) घेऊन एकदा नुसतं भेटून या. औषधं तिथे मिळतात का, मंजुरी या रुग्णालयाच्या नावाने नव्याने घ्यावी लागेल का, रात्री ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे त्या भेटीत ठरवा. काही जिल्हा रुग्णालयांतही आता किमो मिळते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर केंद्रं काढण्याचं जाहीर झालं आहे, तेव्हा तुमच्या जिल्ह्यात चौकशी करा.

आठवी पायरी: परत बोलावलं तर, आणि परत न्यायचं नसेल तर

उपचार संपल्यावर तपासणीच्या तारखा पडतात. प्रत्येक वेळी प्रत्यक्ष जावंच लागेल असं नाही. रक्त, सोनोग्राफी, मॅमोग्राफी गावाकडे करून फोनवर दाखवता येईल का ते विचारा. ज्या तारखेला डॉक्टरांनी हाताने तपासायचं आहे तेवढीच खेप करा.

आणि काही वेळा डॉक्टर सांगतात की आता उपचाराने आजार मागे हटणार नाही. तिथून पुढे घरच्यांची धावपळ उलट वाढते. दुसरं राज्य, तिसरं राज्य, कुणीतरी सांगितलेलं गाव. मी कुणाला थांबवू शकलेलो नाही, पण एक विनंती करतो. त्या दिवशी त्याच रुग्णालयातल्या वेदनाशमन विभागात, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमध्ये जा. मॉर्फिनच्या गोळ्या या दुखण्यावर नीट काम करतात. २०१४ मध्ये कायदा बदलून त्या मिळवणं सोपं केलं, तरी प्रत्येक औषध दुकानात त्या मिळत नाहीत, फक्त मान्यताप्राप्त रुग्णालयांत मिळतात. म्हणून घरी निघण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: गोळी किती तासांनी आणि दुखणं वाढलं तर मधे किती, सोबत बद्धकोष्ठाचं औषध कुठलं, आणि आमच्या घरापासून जवळ मॉर्फिन कुठे मिळेल. गोळ्या किती दिवसांच्या दिल्या ते मोजा, आणि त्या संपण्याच्या आठ दिवस आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. गोळी आणायला घरातल्या कुणीही जावं, चिठ्ठी आणि पेशंटचं आधारकार्ड घेऊन. पेशंटला त्याच्या खाटेवर राहू द्या.